स्कोपमधून व्हिडिओ: कॅमेरा बदलू नका, आधी लेन्स आणि तिची जागा बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही परभणीचे. तुमच्याकडे .१७७ इंची नळीची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, वर ३-९×४० चा स्कोप (नेमाची दुर्बीण) आहे, म्हणजे झूम ३ ते ९ पट आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. घरात पडून असलेला ॲक्शन कॅमेरा पीव्हीसी पाइपच्या तुकड्यानं आयपीसला, म्हणजे स्कोपच्या डोळा लावायच्या टोकाला जोडला, तर व्हिडिओत मधोमध छोटा गोळा आणि भोवती नुसता काळोख. शिवाय कॅमेरा तिथं बसल्यावर धाकट्या भावानं डोळा लावायचा कुठं? भावाचा नेम छर्रा सुटायच्या आधी कुठं सरकतो ते तुम्हाला बघायचंय, आणि त्यासाठी पाच हजारांच्या आत कोणता कॅमेरा घ्यावा असं विचारताय.

मी छत्रपती संभाजीनगरात कॅमेरे दुरुस्त करतो. लग्नसराईत व्हिडिओवाल्यांची कामं असतात, बाकीच्या दिवसांत एअर रायफलवाल्या पोरांच्या स्कोपला कॅमेरे बसवून देतो. त्यावरून सांगतो, नवा कॅमेरा घेऊ नका. घेतलात तरी गोळा तेवढाच राहील. तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स या कामाची नाही, आणि ती बसलीय तीही भलत्या जागी. या दोन गोष्टी सुटल्या की आहे तो कॅमेराच बहुतेक चालून जाईल. ‘बहुतेक’ म्हणतोय, कारण तीन गोष्टी मला इथून दिसत नाहीत: कॅमेऱ्याची लेन्स फिरवून निघते का, सराव उन्हात करता की शेडमध्ये, आणि रायफलचा झटका किती आहे. त्यांचं पुढं ओघानं येईलच.

आधी गोळा लहान का दिसतो ते. ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स साधारण ३ मिलिमीटर फोकल लांबीची असते. मोटारसायकलवर बसून अख्खा रस्ता टिपायला ती केलेली, म्हणून तिचा कोन फार रुंद. उलट रायफलच्या स्कोपमध्ये डोळा लावला की आतलं चित्र जेमतेम २१-२२ अंशांत मावतं. हा आकडा स्वस्त-महाग सगळ्या स्कोपांत जवळपास सारखाच असतो, झूम ३ वर असो की ९ वर. आता हिशेब करा. लेन्सची फोकल लांबी गुणिले ११ अंशांचा (२२ च्या निम्म्याचा) टॅन, त्याची दुप्पट. ३ मिलिमीटरच्या लेन्सनं सेन्सरवर १.२ मिलिमीटरचा गोळा पडतो. तुमच्या कॅमेऱ्यात १/२.३ इंची सेन्सर असेल तर तो ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. म्हणजे उंचीचा पाव हिस्सा गोळा, बाकी काळोख. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नेमकं तेच दिसतंय.

हाच हिशेब उलटा केला की हवी ती लेन्स सापडते. गोळा उंचीत बरोबर बसवायचा तर १२ मिलिमीटरची, रुंदी भरायची तर १६ ची. २५ ची लावली तर गोळ्याची कड फ्रेमबाहेर जाते, मधला क्रॉस (नेम धरायची फुली) मोठा दिसतो, पण नेम जास्त हलला की टार्गेटच चित्रातून निघून जातं. नवख्या पोरासाठी मी १६ च्या पुढं जात नाही. सेन्सर लहान असेल, म्हणजे १/३ इंचाचा वगैरे, तर १२ च पुरते.

या लेन्स कुठं मिळतात? परदेशातून मागवायची गरज नाही, सीसीटीव्हीवाल्याकडं जा. बुलेट कॅमेऱ्यांत एम १२ नावाच्या धाग्याच्या लेन्स असतात, १२ मिलिमीटर व्यासाचा धागा आणि ०.५ मिलिमीटरचं पिच. ३.६, ६, ८, १२, १६ अशा मापांत येतात. वीज पडून बोर्ड जळलेला एखादा लांब पल्ल्याचा बुलेट कॅमेरा त्याच्या भंगारात पडलेला असतोच, त्यातून १६ ची लेन्स चहापाण्याच्या पैशांत सुटते. नसेल तर इथं पैठण गेटच्या बाजूला विचारा नाहीतर ऑनलाइन मागवा. घेताना एक बघा: लेन्सच्या मागच्या तोंडाला किंवा तुमच्या सेन्सरवर तांबूस-निळसर झाक असलेली छोटी काच हवी. तो इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर. पुष्कळ ॲक्शन कॅमेऱ्यांत तो जुन्या लेन्सच्या पाठीलाच चिकटवलेला असतो, लेन्स काढली की तोही जातो, आणि मग काळं कापड जांभळं अन् गवत फिकट गुलाबी दिसायला लागतं. नेम बघायला त्यानं बिघडत नाही, पण लोक कॅमेरा खराब झाला म्हणून घेऊन येतात.

स्वस्त ॲक्शन कॅमेऱ्यांची लेन्स बहुतेक वेळा याच धाग्याची असते, फक्त गोंदाचा एक ठिपका लावून पक्की केलेली. बॅटरी काढा, हेअर ड्रायरनं ठिपका कोमट करा, पकडीला रबर गुंडाळून हळू फिरवा. हे काम उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर करू नका, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ सेन्सरवर बसली की निघता निघत नाही. पंखा बंद करून, ओल्या फडक्यानं पुसलेल्या टेबलावर करा. जोर लावूनही फिरत नसेल तर सोडून द्या, तो कॅमेरा या कामाचा नाही. वॉरंटी जाते हे वेगळं सांगायला नको.

नवी लेन्स बसवली की फोकस हातानं बसवायचा. कॅमेरा स्कोपला न लावता लांबच्या मोबाइल टॉवरकडं धरा, रेकॉर्डिंग चालू ठेवून लेन्स थोडी थोडी फिरवा आणि टॉवरच्या जाळीच्या रेघा धारदार झाल्या तिथं थांबा. किती नाजूक काम आहे बघा: १६ च्या लेन्सला पाव फेरा जास्त झाला तर फोकस अनंतावरून थेट २ मीटरवर येतो. म्हणून लेन्सबरोबर लॉक रिंग घ्याच. लांब फोकलची लेन्स जुन्या लेन्सपेक्षा बाहेर राहते, धागे कधीकधी अर्धेच पकडतात आणि रिंग नसेल तर स्प्रिंग रायफलच्या झटक्यानं ती दहा-वीस शॉटांत फिरून जाते.

आता दुसरी गोष्ट, लेन्सची जागा. लोक इथंच अडतात. स्कोपमधून येणारा सगळा उजेड आयपीसच्या मागं एका ठरावीक अंतरावर छोट्या टिकलीतून जातो. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात, आणि आयपीसच्या काचेपासून तिच्यापर्यंतचं अंतर म्हणजे आय रिलीफ. टिकलीचा व्यास म्हणजे पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम. तुमच्या स्कोपला ९ वर ४.४ मिलिमीटर, ४ वर १० मिलिमीटर. डोळ्याची बाहुली या टिकलीवर आली तरच पूर्ण चित्र दिसतं, कॅमेऱ्याच्या लेन्सचंही तसंच. फटीतून अंगण बघताना डोळा फटीला टेकवला तर सगळं दिसतं, मागं सरकलं की एक पट्टी उरते, तसाच हा प्रकार, फक्त इथली फट हवेत तरंगतेय. तुम्ही कॅमेरा आयपीसला अगदी चिकटवलात. रायफलच्या स्कोपचा आय रिलीफ मुद्दाम ७५ ते १०० मिलिमीटर ठेवलेला असतो, झटक्यानं आयपीस भुवईत बसू नये म्हणून. तुमची लेन्स टिकलीच्या आठ-नऊ सेंटीमीटर अलीकडं बसलीय, म्हणून गोळ्याची कडही काळपट, अर्धवट दिसते.

टिकली शोधायची सोपी रीत आहे. स्कोप रायफलवरून उतरवा. उतरवायचा नसेल तर रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा. स्कोपचं पुढचं तोंड उजळ आभाळाकडं करा, सूर्याच्या दिशेला मात्र अजिबात नको. आयपीसमागं बटर पेपरचा तुकडा धरा आणि पुढं-मागं न्या. जवळ असताना मोठा धूसर गोळा दिसेल. मागं नेताना तो लहान होत जातो, एका जागी त्याची कड पेनानं काढल्यासारखी स्पष्ट होते, तिथून पुढं परत पसरतो. ती स्पष्ट कड जिथं, तिथं टिकली. आयपीसच्या काचेपासून पट्टीनं अंतर मोजा, ३ वर एकदा आणि ९ वर एकदा. झूम बदलला की अंतर थोडं सरकतं, म्हणून ज्या झूमवर सराव करणार त्याचंच माप धरा. लेन्सची स्वतःची बाहुली पुढच्या काचेच्या थोडी आत असते, त्यामुळं लेन्सची काच टिकलीच्या चार-पाच मिलिमीटर अलीकडं ठेवली की जमून जातं.

इथंच एक गैरसमज निघतो. ऑनलाइन मिळणारे मोबाइल अडॅप्टर बहुतेक पक्षी बघायच्या दुर्बिणींसाठी असतात. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणारी मंडळी स्पॉटिंग स्कोपला मोबाइल लावून छान व्हिडिओ काढतात, ते बघून लोक तेच अडॅप्टर रायफल स्कोपला घेतात आणि फसतात. त्या दुर्बिणींचा आय रिलीफ १५ ते २० मिलिमीटर आणि आतलं चित्र ५०-६० अंशांचं, त्यामुळं मोबाइलचा साधा कॅमेरा तिथं फ्रेम भरतो. रायफल स्कोपवर तोच मोबाइल फ्रेमच्या उंचीचा जेमतेम ४० टक्के गोळा दाखवेल. मोबाइलला खरी ३ पट टेलि लेन्स असेल तर मात्र चित्र भरतं. तिथंही गंमत अशी की उजेड कमी पडला की फोन गुपचूप टेलि सोडून मुख्य कॅमेऱ्यावर येतो आणि तेच चित्र ताणून दाखवतो. लेन्स लॉक करता येणारं ॲप लागतं. शिवाय स्प्रिंग रायफलवर महागडा फोन बसवणं मला पटत नाही. मोटारसायकलच्या इंजिनासारख्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्यातलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं हे ॲपलनंच जाहीर सांगितलेलं आहे. स्प्रिंगचा झटका तर दोन्हीकडून बसतो: पिस्टन सुटताना रायफल मागं जाते आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकाला आपटला की पुढं. साधे स्कोपही या दुहेरी धक्क्यानं आतून सैल होतात.

मग डोळ्याचं काय? कॅमेरा सरळ टिकलीवर ठेवला तर डोळ्याची जागा गेली. रायफल स्टँडवर बांधून नुसता व्हिडिओ हवा असेल तर ते चालतं, पण तुम्हाला भावाचा नेम बघायचाय, तेव्हा दोघांनी एकाच वेळी बघायला हवं. त्यासाठी आयपीसच्या मागं ४५ अंशांत एक काच ठेवायची. बहुतेक उजेड काचेतून सरळ डोळ्याकडं जातो, थोडा वर वळून कॅमेऱ्यात. बाजारात यासाठी बीम स्प्लिटर क्यूब (उजेड दोन वाटांनी विभागणारे काचेचे ठोकळे) मिळतात, टेलिप्रॉम्प्टरची (निवेदकाला कॅमेऱ्यासमोर मजकूर दाखवणाऱ्या यंत्राची) काचही चालते, ती साधारण ७० टक्के सरळ सोडते आणि ३० वळवते. पण उघड्यावर सराव असेल तर मी पोरांना सायन्सच्या दुकानातली मायक्रोस्कोपची स्लाइड घ्यायला सांगतो.

हसू नका. साधी काच ४५ अंशांत दहाएक टक्के उजेड परावर्तित करते. आपल्याकडच्या उन्हात तेवढा खूप होतो. १६ ची लेन्स कागदावर एफ २ ची असली तरी (एफचा आकडा म्हणजे फोकल लांबी भागिले उजेड शिरायच्या तोंडाचा व्यास, लहान तितका उजेड जास्त) ९ च्या झूमवर टिकली ४.४ मिलिमीटरचीच, म्हणजे हाती एफ ३.६ एवढाच उजेड येतो. त्याचा दहावा हिस्सा धरला तरी भर उन्हात आयएसओ १०० ला १/२०० चा शटर मिळतो. भावाच्या डोळ्याला तर काच आहे हे कळणारही नाही. शेडमध्ये किंवा ढगाळ दिवशी मात्र स्लाइड कमी पडते, तिथं टेलिप्रॉम्प्टरची काच कापून घ्या.

काच जाड असली की दोन प्रतिमा दिसतील अशी भीती घातली जाते. स्कोपच्या बाबतीत ती फारशी खरी नाही. आयपीसमधून किरण समांतर बाहेर पडतात, आणि काचेच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतील तर पुढच्या-मागच्या पृष्ठभागावरून आलेली चित्रं कॅमेऱ्यात एकावर एक बसतात. क्रॉस दुहेरी दिसला तर समजा काच लहरी आहे, दुसरी स्लाइड घ्या.

मापं अशी. समजा आय रिलीफ ९० मिलिमीटर आला. काचेचा मध्य आयपीसपासून ४० वर ठेवलात तर तिथून वर कॅमेऱ्याच्या लेन्सपर्यंत ५० आणि मागं डोळ्यापर्यंतही ५०, दोन्ही वाटांची बेरीज ९० च आली पाहिजे. त्या जागी उजेडाचा झोत अजून रुंद असतो, साधारण २४ मिलिमीटर. स्लाइडची रुंदी २५, म्हणजे नेमकी पुरते. लांबी ४५ अंशांत तिरकी लागणार म्हणून ३५-३८ मिलिमीटरला काचकाम करणाऱ्याकडून कापून घ्या. आयपीसच्या आणखी जवळ नेलीत तर झोत काचेबाहेर सांडेल आणि गोळ्याच्या दोन बाजू कापल्या जातील. या मापात डोळा आणि काच-कॅमेरा धरणाऱ्या डब्याची मागची कड यांत तीनेक सेंटीमीटर जागा राहते. एअर रायफलला ती पुरते, कडेला सायकलच्या ट्यूबचं रबर मात्र चढवा. बंदुकीच्या दारूच्या कोणत्याही हत्यारावर ही रचना वापरायची नाही. तिथं तो आय रिलीफ भुवई वाचवायलाच असतो.

एक गोष्ट डब्यात विसरली की सगळं वाया जातं. कॅमेरा वरून खाली बघतोय, आणि काच ९० टक्के पारदर्शक आहे. म्हणजे त्याला काचेतून डब्याचा तळ दिसतो, स्कोपच्या चित्रापेक्षा जास्त उजळ. तळाला काळी मखमल चिकटवा. कापडदुकानात ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यात वीतभर तुकडा मिळतो. नुसता काळा रंग उन्हात चमकतो, मॅट रंगही थोडा चमकतोच. मखमल लावण्याआधीचा आणि नंतरचा व्हिडिओ शेजारी ठेवून बघा, आधीच्यात टार्गेटचा काळा भाग राखाडी दिसेल, नंतरच्यात कोळशासारखा.

काचेवरून एकदा परावर्तन झालं म्हणजे चित्र आरशातलं येतं. भावाचा नेम डावीकडं गेला तर व्हिडिओत तो उजवीकडं दिसू शकतो, आणि तुम्ही त्याला उलटाच सल्ला द्याल. कॅमेऱ्यात ‘मिरर’ असा पर्याय असेल तर वापरा. १८० अंश फिरवण्याचा पर्याय वेगळा, त्यानं हे सुटत नाही. नसेल तर मोबाइलवरच्या एडिटिंग ॲपमध्ये आडवं फ्लिप करा. सुरुवातीला टार्गेटच्या कोपऱ्यात मार्करनं ‘क’ लिहून ठेवा, व्हिडिओत तो सुलटा वाचता आला की झालं.

डबा कशाचा? वाळूज नाहीतर चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला असेल तर नायलॉनच्या रॉडमधून आयपीसवर चढणारी रिंग काढून घ्या, तुमच्याकडंही वर्कशॉप असतीलच. आयपीसचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजून द्या, अंदाजानं सांगू नका. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक टाळा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात परभणीत बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी किंवा एबीएस वापरा. आणि सगळं वजन आयपीसवर टांगू नका. आयपीसचा पुढचा भाग फोकससाठी धाग्यावर फिरतो. मागं दीडदोनशे ग्रॅम लोंबकळलं की झटक्यागणिक तो सैल होत जातो. एक ॲल्युमिनियमची पट्टी स्कोपच्या रिंगच्या स्क्रूखाली दाबून मागं आणा आणि कॅमेरा तिच्यावर बसवा. तुमचा कॅमेरा जड असेल तर मोबाइलला ओटीजीनं जोडता येणारा उघडा यूएसबी कॅमेरा बोर्ड घ्या, एम १२ लेन्सवाला. रायफलवर फक्त बोर्ड आणि लेन्स, रेकॉर्डिंग बाजूच्या स्टुलावरच्या मोबाइलमध्ये. पाच हजारांच्या आत हे आरामात बसतं, आणि तुमचा कॅमेरा उघडला नाही तर मी हाच मार्ग सुचवेन. वायर मात्र स्टॉकला टेपनं बांधा, नाहीतर तीच नेम ओढते.

कॅमेरा चढवल्यावर झीरो, म्हणजे क्रॉस जिथं तिथंच छर्रा पडतो का, ते पुन्हा तपासायचं. स्प्रिंग रायफल हातातल्या पकडीला आणि वजनाला फार नाटकी असते, शे-दोनशे ग्रॅमनं छर्रा दुसरीकडं पडू लागतो.

सेटिंगमध्ये सगळ्यात आधी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद करा. ते चालू राहिलं तर कॅमेरा भावाच्या हाताची थरथर पुसून टाकेल, आणि तुम्हाला तर नेमकी तीच बघायचीय. रुंद लेन्सचा वाकडेपणा सुधारणारा पर्यायही बंद, ती लेन्स आता नाहीच. एक्सपोजर ऑटोवर ठेवू नका. भोवतीच्या काळ्या कडा बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरं कार्ड जळून जातं. एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणून लॉक करा. ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या हॉलमध्ये सराव असेल तर २५ किंवा ५० फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० चा शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १२० फ्रेमच्या मोहात पडलात तर चित्रावरून पट्टे सरकत जातील.

फोकसचा क्रम: आधी भावानं कॅमेऱ्याशिवाय आयपीसची रिंग फिरवून क्रॉस धारदार करायचा, मग तिला हात लावायचा नाही. टार्गेट धूसर दिसत असेल तर दोष कॅमेऱ्याचा नसतो. पुष्कळ साध्या स्कोपांचं पॅरॅलॅक्स (टार्गेट आणि क्रॉस एकत्र स्पष्ट बसण्याचं अंतर) १०० यार्डांना कायमचं बसवलेलं असतं, १० मीटरवर ते कधीच स्पष्ट होणार नाहीत. पुढच्या काचेवर फिरणारी अंतराची रिंग असेल तरच जवळचं जमेल. तुमच्या स्कोपला ती आहे का बघा. नसेल तर झूम ३-४ वर उतरवा, धूसरपणा खूप कमी होतो, टिकलीही मोठी होते आणि कॅमेरा बसवणंही सोपं जातं.

व्हिडिओ वाचायचा कसा? आवाज चालू ठेवा. ‘टक्’ आवाज जिथं, तिथून मागचा एक सेकंद बघायचा, पुढचं सोडून द्या. स्प्रिंग रायफलमध्ये ट्रिगर सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग जातो, ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमही पुरती होत नाही. नंतर चित्र जेलीसारखं हलतं तो सेन्सरचा रोलिंग शटर (चित्र एकदम न टिपता ओळीओळीनं टिपणं) आहे, भावाचा दोष नाही. मोजमाप टार्गेटवरूनच मिळतं: १० मीटर एअर रायफलच्या कार्डावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, नऊची रिंग ५.५ ची आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. क्रॉस काळ्या गोलाच्या पाव भागात फिरतोय म्हणजे साताठ मिलिमीटरची थरथर. नवख्यांत मला दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एक, क्रॉस श्वासाबरोबर उभा वरखाली होतो; हा दोष लवकर जातो. दुसरी, शेवटच्या क्षणी क्रॉस एकाच बाजूला झटकन सरकतो. तो ट्रिगर ओढण्याचा दोष, आणि पोराला तोंडी सांगून पटत नाही. व्हिडिओ दाखवला की पटतं.

एक विचारून ठेवतो: भावाला स्पर्धेत उतरायचंय का? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवल्यापासून मराठवाड्यातली पोरंही रायफलकडं वळलीत. तसं असेल तर स्कोपवर फार दिवस घालवू नका. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही, पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची साधी रचना) असते, आणि तिथल्या नेमासाठी नळीखाली सेन्सर लावून नेमाची रेघ काढणारी स्कॅटसारखी यंत्रणा क्लबमध्ये असते. स्कोपच्या व्हिडिओतून ट्रिगर आणि श्वास सुधारेल, तेवढा फायदा पुढंही राहतो.

कायद्याचं दोन वाक्यांत. शस्त्र नियम २०१६ नुसार .१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण ती कशावरही रोखायची मोकळीक त्यात नाही. नायगावच्या मोरांचा नाहीतर शेतातल्या काळविटांचा ‘स्कोपमधून’ व्हिडिओ करून द्या म्हणून माझ्याकडं येणारे असतात, त्यांना मी दारातूनच परत पाठवतो: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो, आणि व्हिडिओ म्हणजे स्वतःच तयार केलेला पुरावा. प्राणी-पक्षी बघायचे तर स्पॉटिंग स्कोप आणि तिपाई घ्या.

उघड्यावरचा सराव सकाळी नऊच्या आत उरका. नंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांनी २५-३० मीटरवरचं टार्गेट पाण्यात असल्यासारखं डुलतं, थरथर भावाची की हवेची ते व्हिडिओत कळत नाही, आणि उन्हात ॲक्शन कॅमेरा तापून मध्येच बंदही पडतो.

आता तुम्ही एवढं करा: आयपीसचा बाहेरचा व्यास, बटर पेपरवर सापडलेलं टिकलीचं अंतर, आणि पुढच्या काचेवर अंतराची रिंग आहे की नाही हे लिहून पाठवा. सोबत कॅमेऱ्याच्या लेन्सचा समोरून जवळून काढलेला फोटो. सेन्सरचं माप कळलं की लेन्स १२ ची घ्यायची की १६ ची ते सांगतो, तोवर सीसीटीव्हीवाल्याला पैसे देऊ नका.